कुत्र्याच्या आतड्यात कोय अडकते तेव्हा

मे महिन्यात उलट्या करणारं कुत्रं टेबलावर आलं की माझा पहिला प्रश्न असतो, "घरात आंबे आहेत का?" मालक म्हणतात, "आम्ही त्याला देतच नाही हो." मग मागून पोरगं हळूच सांगतं, "परवा बादलीतली कोय त्यानंच पळवली."

सुरुवातीच्या काळात एका लॅब्राडॉरला मी उलटी थांबायचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं होतं. शी होत होती, म्हणून निर्धास्त राहिलो. अडथळ्याच्या पुढे असलेली शी नंतरही बाहेर पडते, हे ध्यानातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी पोट उघडलं तर आतडं काळं पडलेलं. वीतभर कापून जोडावं लागलं. तेव्हापासून कारण कळल्याशिवाय मी उलटी दाबत नाही.

तपासताना आधी जीभ उचलून खाली बघा. गिळलेला दोरा तिथे गुंतलेला असेल तर ओढू नका, आतडं आतून चिरतं. मग पोट चाचपा; कुणाला तरी पुढचे पाय वर धरायला सांगा, म्हणजे फासळ्यांआडचं आतडं खाली हाताशी येतं. एक्स-रेत कोय हाडासारखी पांढरी उठत नाही, म्हणून फुगलेलं आतडं शोधा. कमरेच्या पाचव्या मणक्याची सर्वांत अरुंद जागी उंची मोजा. आतडं तिच्या १.६ पटीहून रुंद असेल तर संशय बळकट. सोनोग्राफीत चकाकती कमान आणि तिच्याखाली काळी सावली दिसते.

आधी सलाईन, मग भूल. पोट उघडल्यावर सापडलेल्या कोयीवर थांबू नका; जठरापासून मोठ्या आतड्यापर्यंत सगळं बोटांखालून घाला, दुसरी कोय असू शकते. अडकलेला भाग ओल्या मॉपवर (शस्त्रक्रियेच्या निर्जंतुक कापडावर) बाहेर घ्या. छेद कोयीच्या वर नको, तिथली भिंत ताणून दुबळी झालेली असते. कोयीच्या पुढच्या, म्हणजे गुदाकडच्या बाजूच्या निरोगी भागात, रक्तवाहिन्या शिरतात त्याच्या विरुद्ध कडेला छेद घ्या आणि कोय हळूहळू सरकवत काढा. ३-० किंवा ४-० जाडीच्या पीडीएसने (हळूहळू विरघळणाऱ्या धाग्याने) सुटे टाके, दोन-तीन मिलिमीटर अंतरावर. प्रत्येक टाक्यात सबम्यूकोसा, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तराखालचा थर, आलाच पाहिजे, पकड त्याच थराची असते. सलाईन भरून गळती बघा, वर ओमेंटम (पोटातला चरबीचा पातळ पडदा) पांघरा. पोट धुऊन हातमोजे आणि हत्यारं बदला, मगच बंद करा.

शुद्धीवर आल्यावर उलटी नसेल तर बारा तासांनी थोडं मऊ खाणं सुरू करा. टाके सुटायचा धोका तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जास्त. त्या दिवसांत मी स्वतः फोन करतो. कुत्रं खात नाही, कोपऱ्यात पडून आहे एवढं कळलं तरी लगेच बोलावून घेतो.