स्नेक प्लांट सडत होतं, दोष कुंडीचा निघाला

हॉलच्या कोपऱ्यात शोभेला म्हणून स्नेक प्लांट ठेवलेलं, मस्त पांढऱ्या सिरॅमिकच्या कुंडीत, आणि थोड्याच दिवसांत पानं बुडापाशी पिवळी पडून लिबलिबीत व्हायला लागली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून अजून घातलं (काय हा शहाणपणा!). शेवटी उपटून बघितलं तर कुंडीला खाली भोकच नाही, मुळं काळी आणि कुजका वास. सडकी मुळं कात्रीने कापली, दोन दिवस झाड तसंच सुकू दिलं, मग मातीत भरपूर जाडी वाळू मिसळून भोकं असलेल्या साध्या प्लास्टिकच्या कुंडीत लावलं आणि ती कुंडीच सिरॅमिकच्या आत बसवली, दिसायला तेच. आता पाणी घालायचं तर आतली कुंडी बाहेर काढते, पूर्ण निथळली की परत आत. तेही बोट २ इंच खुपसून माती कोरडी लागली तरच. परवा कडेने एक कोंब डोकावलाय.