फ्रेयरला भेटायला जाताना

उन्हाळा लागला की पुण्या-मुंबईकडचं कुणी ना कुणी आमच्याकडे स्वीडनमध्ये उप्सालाला येतं. बरोबरच्या पोरांना थॉर आणि ओडिन हे इकडचे जुने देव तोंडपाठ असतात. मी त्यांना आधी फ्रेयरकडे नेते, कारण इथल्या शेतकऱ्याचं पोट ज्याच्या हाती होतं असा देव हाच. मी बरोबर नसले तरी तुम्हाला जाता यावं म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे.

निघण्याआधी एक शब्द समजून घ्या. जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे ख्रिस्ती धर्म येण्याआधीपासूनच्या इथल्या बोलीत, फ्रेयरकडे दोन गोष्टी मागत, 'आर' आणि 'फ्रिद'. फ्रिद म्हणजे सलोखा, शांतता. आर म्हणजे वर्ष, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ चांगलं पीक. माझं माहेर बार्शीकडचं, रान कोरडवाहू. वडील 'यंदा साल बरं गेलं' म्हणाले की ज्वारी घरात आली, एवढाच त्याचा अर्थ. 'आर' हा शब्द मला तिथून कळला. १३व्या शतकात आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने लिहून ठेवलंय की पाऊस, ऊन आणि जमिनीचं पीक फ्रेयरच्या हाती आहे. पुढे त्याची मूर्ती बघून फ्रेयरला नुसता कामदेव म्हणाल तर यातलं निम्मं हातचं जाईल.

घरची माणसंही ओळखून घ्या. बाप न्यॉर्ड, समुद्र, वारा आणि मासळीचा देव. बहीण फ्रेया, मांजरांच्या रथातून फिरणारी. ओडिनची बायको फ्रिग्ग, ती वेगळी. नावं जवळची असल्याने पाहुण्यांची इथे हमखास गल्लत होते. न्यॉर्डच्या नावात एक जुना धागा आहे. इसवी सन ९८ च्या सुमाराला रोमन लेखक टॅसिटसने उत्तरेकडच्या काही जमातींच्या नेर्थुस नावाच्या भूमातेबद्दल लिहिलं. गायी जुंपलेल्या गाडीतून ती फिरायची आणि ती फिरत असेपर्यंत लढाई बंद, लोखंडाची प्रत्येक वस्तू कुलपात. फेरी संपली की गाडी आणि देवी तळ्यात धुवायची, आणि धुणाऱ्या गुलामांना त्याच तळ्यात बुडवायचं. नेर्थुस आणि न्यॉर्ड हे मुळात एकच नाव. बाई तिकडे, पुरुष इकडे, हे कसं झालं यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मुलांना गोष्ट सांगताना मी गुलामांचा भाग गाळत नाही. पीक आणि शांतता कुणाच्या जिवावर मागितली जायची, तेही त्यांना कळायला हवं.

पहिला थांबा स्टॉकहोमचं ऐतिहासिक संग्रहालय. मांडणी बदलत असते, म्हणून काउंटरवर 'रेलिंगेची मूर्ती' कुठे आहे ते विचारून घ्या. मोठा पुतळा शोधत गेलात तर ती हमखास चुकेल. जेमतेम ७ सेंटिमीटरची, ब्राँझची, १९०४ साली सॉर्मलँड भागात रेलिंगे इथे सापडलेली. काचेजवळ वाकून बघा. मांडी घातलेला, टोकदार टोपीचा एक पुरुष, हातात स्वतःची दाढी धरलेली, आणि ताठ लिंग. मुलं बरोबर असली तर आईबाप इथे घाईने पुढे सरकतात. थांबा. शेतातलं बी आणि घरातलं मूल एकाच देवाकडे मागणाऱ्या लोकांची ही मूर्ती आहे, हे सरळ शब्दांत सांगितलं की पोरं नीट ऐकतात. मूर्तीवर नाव मात्र कोरलेलं नाही. तिला फ्रेयर म्हणतात ते मुख्यतः एका जुन्या वर्णनावरून, त्याकडे पुढे येते.

उप्सालाची गाडी साधारण पाऊण तास घेते. तेवढ्यात 'स्किर्निस्माल' हे एड्डातलं, म्हणजे नॉर्स देवांच्या जुन्या काव्यसंग्रहातलं, काव्य वाचून होतं, ४२च कडवी आहेत. ओडिनच्या आसनावर बसलेल्या फ्रेयरला दूर राक्षसांच्या मुलखात गेर्ड नावाची मुलगी दिसते. तिच्या दंडांच्या तेजाने आभाळ आणि समुद्र उजळतात. तो आपली तलवार देऊन चाकर स्किर्निरला पाठवतो. गेर्ड सोनं नाकारते, अंगठी नाकारते, आणि शेवटी भयंकर शापांच्या धाकाने कबूल होते. अनेक जण याला आभाळ आणि शेताचं लग्न म्हणतात, कारण गेर्ड हे नाव कुंपण घातलेल्या जमिनीशी जोडता येतं. मला तो अर्थ पटतो, पण धाकदपटशा तिथेच राहतो. प्रेमकथा म्हणून हे वाचू नका. आणि ती तलवार लक्षात ठेवा. जगाच्या अंताच्या लढाईत सुर्त नावाच्या अग्निराक्षसासमोर फ्रेयर तिच्याविना उभा राहतो आणि पडतो.

मग गामला उप्साला, म्हणजे जुनं उप्साला, शहराच्या उत्तरेला ५ किलोमीटरवर. १०७० च्या दशकात ब्रेमेनच्या आदामने इथल्या देवळाचं वर्णन लिहिलं: मध्ये थॉर, बाजूंना ओडिन आणि 'फ्रिको', म्हणजे आपला फ्रेयर. फ्रिको माणसांना शांती आणि सुख देतो, लग्नात बळी त्याला, आणि मूर्तीला भलंमोठं लिंग. संग्रहालयातल्या मूर्तीची ओळख पटली ती यावरून. आदाम ख्रिस्ती धर्मगुरू होता, स्वतः इथे आलेला नव्हता. त्याचं लिहिणं ऐकीव म्हणूनच घ्या.

चर्चजवळ मातीची तीन मोठी टेकाडं आहेत, ६व्या शतकाच्या आसपासच्या राजघराण्याची. ती फ्रेयरची नव्हेत, पण फ्रेयरच्या मरणाची गोष्ट मी इथेच उभी राहून सांगते. या गोष्टीत स्नोरी त्याला देव नव्हे, उप्सालाचा राजा म्हणतो. तो आजारी पडला तेव्हा लोकांनी मोठं टेकाड बांधलं, दार ठेवलं, तीन भोकं ठेवली. मेल्यावर त्याला गुपचूप आत नेलं आणि बाहेर सांगितलं, राजा जिवंत आहे. तीन वर्षं लोक कर आणत राहिले. एका भोकातून सोनं, दुसऱ्यातून चांदी, तिसऱ्यातून तांब्याची नाणी. पीकपाणी आणि सलोखा तसाच टिकला. पुढे खरं कळलं, तरी साल चांगलंच येत होतं. तो देशात आहे तोवर असंच चालेल असं वाटून त्यांनी त्याला जाळलं नाही, मातीतच राहू दिलं.