मोरीत घसरून मनगट मोडलंय? मग या चुका टाळा

कोल्हापुरात शिवाजी पेठेतली माझी आत्या ५८ व्या वर्षी मोरीत घसरली. सावरायला हात टेकला आणि मनगट मोडलं. बांगड्या कापल्या, दीड महिना प्लास्टर, मग सगळे विसरले. तीन वर्षांनी तिचे परकर जमिनीवर लोळायला लागले. "शिंप्यानं लांब शिवलेत," ती म्हणायची. मापं तीच होती, आत्याच दीड इंच कमी झाली होती. एक्स-रेत दोन मणके दबलेले दिसले. दुखलं म्हणाल तर कधीतरी कंबर.

मूळ चूक मनगटापाशी झाली. पन्नाशीनंतर उभ्याउभ्या पडून हाड मोडलं, तर फरशीला दोष देऊन थांबू नका. डॉक्टरांना डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीबद्दल विचारा. तिच्या रिपोर्टातला टी-स्कोअर हा आकडा उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. शिबिरात टाच मशीनवर ठेवून मिळणाऱ्या चिठ्ठीवर निदान होत नाही, ती नुसती चाळणी.

बचत गटाच्या बैठकीत हमखास ऐकू येतं, "आमच्यात दोन म्हशी हाईत, मी कशाला कॅल्शियमच्या गोळ्या खातो?" गंगावेशीत उभ्यानं धारोष्ण दूध पिणारं हे गाव, बोलणं पटतंही. पण दूध जातं डेअरीला, उरलेलं पोरांना आणि तालमीत जाणाऱ्या दिराला. बाईच्या वाट्याला चहातलं. पाळी गेल्यावर रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पेलाभर दुधातून साधारण तीनशे मिळतं, १०० ग्रॅम नाचणीतून साडेतीनशेच्या आसपास. तीळ उत्तम, पण पांढऱ्या रश्श्यात वाटून पडतात किती?

गोळी चालू असेल तर ती लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत घ्यायचं असतं.

कोवळ्या उन्हाचा गैरसमज तर फार जुना. किरणोत्सवात अंबाबाईच्या चरणांवर येणारं मावळतीचं ऊन डोळे भरून पाहावं, कॅल्शियम अंगी लागायला हवं असलेलं ड जीवनसत्त्व मात्र त्यातून मिळत नाही. सकाळी सातच्या उन्हातूनही जवळजवळ नाही, आणि खिडकीच्या काचेतून तर नाहीच. गच्चीवर वाळवण घालायची वेळ, अकराच्या पुढची, तीच योग्य. हात उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं बसा.

रंकाळा तलावाभोवतीची फेरी चांगलीच, पण तेवढ्यानं भागत नाही. स्नायूंनाही काम हवं: हात न टेकता खुर्चीवरून उठा-बसा, दहा वेळा. मणके आधीच दबले असतील तर वाकून पायाचे अंगठे धरायचा हट्ट सोडा.

गर्भपिशवीबरोबर अंडाशयही काढलेल्या बायकांनी पन्नाशीची वाट बघू नये. हाडं जपणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकदम थांबतं, हाडांची झीज त्याच दिवसापासून वेग घेते. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी बरेच महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही आधीच विचारावं. आणि मशेरी! दातांसाठी म्हणून लावतात, पण ती तंबाखूच, हाडांनाही बाधते.

आत्याच्या मोरीत आता खडबडीत फरशी आहे, भिंतीला दांडी आहे, रात्री दिवा असतो. औषध चालू आहे. परकर मात्र सगळे आखूड करून घेतलेत, कारण गेलेली उंची परत आली नाही.