महालात पायी फिरायला निघण्याआधी

आधी यादीतून काय काढायचं ते ठरवा. नागपुरात पाहुणा आला की त्याला दीक्षाभूमी, झिरो माइलच्या खांबापाशी असलेले घोड्यांचे पुतळे, बर्डीचा (सीताबर्डीचा) किल्ला आणि महाल ही जुनी वस्ती, हे सगळं एकाच सकाळी पाहिजे असतं. पायी ते होत नाही. बर्डीचा किल्ला तर सैन्याच्या ताब्यात आहे, सगळ्यांसाठी तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टलाच उघडतो. बाकीच्या दिवशी गाइडच्या मागे लागून काही होणार नाही. त्याला आदल्या दिवशीच फोनवर सांगून टाका: गांधी गेटपासून सुरुवात, महालाच्या गल्ल्या, बडकस चौक, जमलं तर चितारओळी, म्हणजे मूर्तिकारांची गल्ली. सकाळ एवढ्यातच सरते.

गाइड निवडताना मी एकच प्रश्न विचारतो, ‘भाऊ, तुम्ही कुठले?’ महाल, इतवारी, शुक्रवारी असं काही उत्तर आलं की निम्मं काम झालं. नव्या लेआउटमधल्या, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहतीतल्या माणसाला सनावळ्या पाठ असतील, पण वाड्याच्या दारावर थाप मारून ‘काकू, पाहुणे आहेत, जरा चौक दाखवता का?’ म्हणायची सोय त्याच्याकडे नसते. (मी स्वतः लेआउटमधलाच, म्हणून तर गाइड घेतो.) किती तास आणि किती पैसे, हेही फोनवरच ठरवून घ्या. शेवटी चौकात उभं राहून घासाघीस करणं दोघांनाही जड जातं.

दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला निवडा आणि सातला गांधी गेटला पोचा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा दुपट्टा बांधून, खिशात कांदा घालून निघालात तरी नवाच्या आत घरी परतायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबती, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघतात. त्या दिवशी गाइड घेऊच नका, गर्दीत त्याचा आवाज तुमच्यापर्यंत पोचायचा नाही. काळी आणि पिवळी मारबत बघायला वेगळेच या.

चपला-बूट जुने, पायाला बसलेले. मागच्या हिवाळ्यात मी नवे सँडल घालून गेलो आणि बडकस चौकापर्यंत टाच सोलून निघाली. गाइडने मला कोपऱ्यावरच्या मोच्यासमोर बसवलं. त्याने सँडलची मागची कड दगडावर ठेवून हातोडीने हळूहळू ठोकली, मेणबत्तीचा तुकडा घासला, वीस रुपये घेतले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, ‘नवे जोडे घालून काहून फिरून राहिले बाप्पा?’ तेव्हापासून माझ्या खिशात पट्टी असते, आणि दहा-वीसच्या सुट्या नोटाही. पायमोजे घाला. कल्याणेश्वराच्या देवळात जोडे काढावे लागतात आणि सकाळची फरशी थंडगार असते. पाण्याची बाटली घ्या, आणि बाथरूमला घरूनच जाऊन निघा. हे कोणी सांगत नाही, विशेषतः बायांना.

पोट अर्धं रिकामं ठेवा, वाटेत तर्री पोहे आहेतच. तर्री म्हणजे हरभऱ्याचा लालभडक रस्सा. पाहुणा नवखा असेल तर ती वेगळ्या वाटीत मागा, नाहीतर पहिल्याच घासाला ठसका आणि पुढचा अर्धा तास नाक पुसण्यात.

थोडं वाचूनही जा. बख्त बुलंद शहा या गोंड राजाने १७०२ च्या सुमारास हे शहर वसवलं, पुढे ते रघूजी भोसल्यांची राजधानी झालं, आणि १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले तेव्हा वारस नाही म्हणून इंग्रजांनी राज्य खालसा केलं. एवढं डोक्यात असलं की गाइडला सनांऐवजी खरे प्रश्न विचारता येतात. शुक्रवारी, बुधवारी, इतवारी, मंगळवारी, आठवड्याचे वार इथल्या वस्त्यांना कसे चिकटले? गांधी गेटला म्हातारे अजून जुम्मा दरवाजा का म्हणतात? गणपतीच्या आधी गेलात तर चितारओळीत मातीच्या मूर्तींचे डोळे कोण रंगवतं ते विचारा, आणि मग गप्प उभे राहून बघा.

फोन पूर्ण चार्ज करून घ्या, पण वाड्यात शिरताच वर धरू नका. तिथे लोक राहतात, दांडीवर लुगडी वाळत असतात. आधी विचारायचं.

शेवटची वस्तू कापडी पिशवी, घडी करून खिशात. आंबिया बहाराची संत्री नोव्हेंबरात हातगाड्यांवर दिसायला लागतात. घ्यायची झाली तर भाव गाइडला करू द्या, आणि तोवर तुम्ही जरा लांब उभे राहा.