आरएनएवर बसणाऱ्या प्रथिनांच्या कामात नव्यानं येताय?

या क्षेत्रात येणारे बहुतेक जण डीएनएच्या अंगानं विचार करत येतात. कुठला ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, कुठलं जनुक चालू, कुठलं बंद. मीही तशीच आले होते. पण जनुकाचा आरएनए तयार झाला म्हणजे सगळं ठरलं असं नसतं. त्याचं स्प्लायसिंग (काही तुकडे कापून उरलेले जोडणं) कसं होणार, तो किती वेळ टिकणार, पेशीत कुठे जाणार, त्यावरून प्रथिन बनणार की नाही, या सगळ्यात त्याच्यावर येऊन बसणाऱ्या प्रथिनांचा मोठा हात असतो. २०१४ साली झालेल्या एका मोजणीत माणसातल्या अशा प्रथिनांची यादी १५४२ वर गेली होती. ती यादी पाठ करायला जाऊ नका. एकच उदाहरण मुळापासून समजून घ्या.

मी लिन२८ सुचवते. हे जनुक आधी एका सूक्ष्म गोलकृमीत सापडलं. ते बिघडलं की कृमीच्या वाढीतले काही टप्पे वेळेआधीच उरकतात. आपल्या पेशींत लिन२८ हे प्रथिन लेट-७ नावाच्या मायक्रोआरएनएच्या (इतर आरएनएना दाबून ठेवणारा छोटा आरएनए) अर्धवट तयार रूपाला धरतं. मग टीयूटी४ हे एन्झाइम तिथे येऊन त्याला युरिडिनची शेपटी जोडतं आणि डीआयएस३एल२ ते शेपटीकडून कुरतडून संपवतं. परिपक्व लेट-७ मिळालं नाही की ते ज्यांना दाबून ठेवतं ती रास, मिक, एचएमजीए२ ही वाढीची जनुकं मोकळी राहतात. मूळपेशीला (स्टेम सेल, म्हणजे जिच्यातून इतर पेशी घडतात ती) हेच हवं असतं. २००७ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या गटानं माणसाच्या साध्या पेशींना पुन्हा मूळपेशींच्या अवस्थेत नेलं, तेव्हा ऑक्ट४, सॉक्स२ आणि नॅनॉगच्या जोडीला लिन२८च घेतलं होतं. लिन२८चंच कुटुंब न्यूरोब्लास्टोमासारख्या (लहान मुलांमधला मज्जापेशींचा कर्करोग) गाठींमध्ये नको तेव्हा जागं झालेलं दिसतं. आणि डीआयएस३एल२ जन्मतः बिघडलेल्या मुलांना मूत्रपिंडातल्या विल्म्स ट्यूमरचा धोका असतो. एका साखळीत मूळपेशी, वाढ आणि कर्करोग तिन्ही येतात, म्हणून माझा हा आग्रह.

आता जिथे नवे लोक सगळ्यात जास्त अडकतात ते सांगते. क्लिप या तंत्रात जिवंत पेशींवर २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाकतात, प्रथिन आणि आरएनए जागच्या जागी जोडले जातात, मग अँटीबॉडीनं ते प्रथिन ओढून काढून सोबत आलेल्या आरएनएचं सिक्वेन्सिंग करतात. हजारो जागांची यादी हाती येते आणि वाटतं, उत्तर मिळालं. मिळालेलं नसतं. प्रथिन तिथे बसतं एवढंच कळलेलं असतं. बसून काही करतं का, हा प्रश्न तसाच राहतो. पेशीत ज्या आरएनएचा मुळातच सुकाळ असतो ते यादीत सहज वर येतात. म्हणून ईक्लिप या क्लिपच्या सुधारित रूपात त्याच आकाराचा इनपुट नमुना (अँटीबॉडीनं ओढण्याआधीचा) सोबत चालवतात. तो नसेल तर यादीवर वेळ घालवू नका. अँटीबॉडीही आधी त्या प्रथिनाच्या नॉकआउट पेशींवर (ज्यांत ते बनतच नाही) तपासा.

परिणाम शोधायला प्रथिन काढून टाकावं, तर मूळपेशींत वेगळाच पेच उभा राहतो. नॉकडाउन करून (प्रथिनाचं प्रमाण घटवून) काही दिवस थांबलं की अनेकदा पेशी मूळपेशीच राहत नाही, तिचं विभेदन (ठरावीक प्रकारच्या पेशीत रूपांतर) सुरू होतं. मग हजारो आरएनए बदललेले दिसतात, पण त्यातले बरेच बदल पेशीची ओळखच पालटल्यामुळे आलेले असतात. काही तासांत प्रथिन नष्ट करणारी डेग्रॉन पद्धत म्हणूनच मला फार मोलाची वाटते: जे लगेच बदललं ते आधी पाहा. त्यानंतर साधं प्रथिन परत घातलं तर सुधारणा होते आणि आरएनएला धरू न शकणारं म्युटंट घातलं तर होत नाही, एवढं दाखवता आलं की बोलण्यात वजन येतं. आणखी एक: आरएनएची पातळी जशीच्या तशी असूनही प्रथिन निम्म्यावर आलेलं असू शकतं. भाषांतरावर (आरएनएवरून प्रथिन बनण्यावर) काम करणाऱ्या प्रथिनांसाठी रायबोसोम प्रोफाइलिंग (कुठल्या आरएनएवरून प्रथिन बनतंय ते मोजणं) किंवा निदान वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनाचं प्रमाण दाखवणारी चाचणी) हवाच.

रक्ताच्या मूळपेशींवर काम करायचं असेल तर पेशी फारच कमी मिळतात आणि क्लिपला त्या भरपूर लागतात. मुसाशी-२ या प्रथिनासाठी यावर हायपरट्राइबची वाट निघाली. प्रथिनाला आरएनए-संपादन करणारा एन्झाइमचा तुकडा जोडायचा. ते जिथे बसेल तिथला ए सिक्वेन्सिंगमध्ये जी वाचला जातो. या पद्धतीनं २०२० मध्ये दिसलं की ल्युकेमियाच्या (रक्ताचा कर्करोग) मूळपेशींत मुसाशी-२चं आरएनएला धरणं निरोगी मूळपेशींपेक्षा वाढलेलं असतं.

कर्करोगात प्रथिन जास्त किंवा कमी होण्यापलीकडेही बरंच घडतं. मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या अस्थिमज्जेच्या आजारात स्प्लायसिंगच्या यंत्रणेत वारंवार म्युटेशन सापडतात, हे २०११ मध्ये पुढे आलं. एसआरएसएफ२ या स्प्लायसिंगच्या प्रथिनातलं ९५व्या जागेचं प्रोलिन हे अमिनो आम्ल बदललं की प्रथिन शाबूत राहतं, फक्त त्याची आरएनएवरची पसंती सरकते: जीजीएनजीपेक्षा सीसीएनजी हा क्रम (एन म्हणजे कुठलंही अक्षर) त्याला जास्त आवडू लागतो. त्यामुळे ईझेडएच२ या जनुकाच्या आरएनएत एक घातक एक्झॉन (जोडला जाणारा तुकडा) शिरतो आणि तो आरएनए नष्ट होतो. एका अमिनो आम्लाच्या फरकानं इतकं होतं, हे मला आजही थक्क करतं.

सुरुवातीला स्वतःचा प्रयोग करण्याआधी एन्कोड प्रकल्पाची मोफत माहिती उघडा. त्यात १५० प्रथिनांचा ईक्लिप डेटा आहे. मात्र तो के५६२ आणि हेपजी२ या दोन कर्करोगी पेशीरेषांमधला आहे, मूळपेशींत तसंच असेल असं धरून चालू नका. आर किंवा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा जुजबी तरी शिका, आणि यादीतल्या पहिल्या काही जागा जीनोम ब्राउझरमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

लॅब निवडताना मार्गदर्शकांना थेट विचारा: इथे प्रथिन काही तासांत काढून टाकायची सोय आहे का, प्रथिनाची पातळी मोजली जाते का, डेटा कोण हाताळतं? आणि गटातल्या जुन्या विद्यार्थ्यांना वेगळं गाठून विचारा, की त्यांचा शेवटचा प्रकल्प यादीपाशी थांबला की पुढे गेला.