ओळख नसलेल्या पर्चेस मॅनेजरला मेल कसा करावा

काही वर्षांपूर्वी मी एका दलालाकडून साडेआठ हजार ईमेल पत्त्यांची यादी विकत घेतली होती. वसईला आमचा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा छोटा कारखाना आहे. वाटलं, शंभरात एक जरी वळला तरी मशीनला उसंत मिळायची नाही. आठवडाभर सगळ्यांना एकच मेल धाडला. कितीतरी पत्ते बंद पडलेले निघाले, ऑर्डर एकही आली नाही. खरा फटका नंतर कळला. जुन्या गिऱ्हाइकांना पाठवलेली बिलंही आता त्यांच्या स्पॅममध्ये जाऊन पडत होती. एकाचं पेमेंट महिनाभर अडकलं, कारण काय, तर 'बिल मिळालंच नाही'.

तेव्हापासून मी महिन्याला तीस नावं घेतो, जास्त नाही. त्यातून चार-पाच उत्तरं येतात आणि एखादं काम धरतं. ते कसं करतो, ते सांगतो.

यादी हाताने करा

नाव शोधण्याआधी ठरवा, की तुमच्या मालावाचून कोणाचं अडतं. 'मुंबईतल्या सगळ्या कंपन्या' हे उत्तर नव्हे. माझं उत्तर आहे भिवंडीत गोदाम असलेल्या, काचेच्या बाटल्यांत माल भरणाऱ्या मध्यम कंपन्या. इतकं नेमकं झालं की नावं आपोआप सापडायला लागतात. गोरेगावच्या नेस्कोतल्या प्रदर्शनांत स्टॉल कोणाकोणाचे असतात ते आयोजकांच्या साइटवर दिसतं. प्रदर्शनाला गेलात तर पत्रकं गोळा करू नका; स्टॉलवरच्या माणसाला विचारा, 'खरेदी कोण बघतं?' रबाळे, वागळे इस्टेट, मरोळ इथल्या गाळ्यांच्या पाट्या वाचत एक फेरी मारली तरी दहा नावं मिळतात. आमच्या धंद्यातली एक खूण सांगतो. खोक्याच्या तळाच्या पाकळीवर बऱ्याचदा बनवणाऱ्याचा छाप असतो. शेजारच्या गोदामात माल उतरवताना तो वाचला, की सध्या माल कोण देतंय ते कळतं. तुमच्याही धंद्यात अशी खूण असणारच.

प्रत्येक नावापुढे एक ओळ लिहा: याच माणसाला मेल का? ती ओळ सुचली नाही तर नाव खोडा. विकतच्या याद्या मात्र घेऊ नका. २०२३च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याचा पायाच संमती आहे, आणि त्या यादीतल्या कोणीही आपला पत्ता विकायला होकार दिलेला नसतो.

मेल पोचेल अशी सोय करा

हा भाग रटाळ आहे, पण एकदाच करायचा असतो. फुकटच्या जीमेल पत्त्यावरून धंद्याचा मेल पाठवू नका, स्वतःचं डोमेन घ्या, म्हणजे पत्त्यात @ च्या पुढे येणारं तुमचं स्वतःचं नाव. आणि बिलं ज्या डोमेनवरून जातात त्यावरून अनोळखी लोकांना मेल नको, त्यासाठी दुसरं डोमेन वेगळं ठेवा. मी हे शिकायला एक महिन्याचं पेमेंट मोजलं.

मग डोमेनच्या सेटिंगमध्ये तीन नोंदी करायच्या. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. एसपीएफ ही त्याच्या हातातली यादी, तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची. डीकेआयएम म्हणजे पार्सलवरचं सील, वाटेत कोणी आतला माल बदलला नाही याची खूण. आणि या तपासणीत मेल नापास झाला तर आत सोडायचा, बाजूला ठेवायचा की परत पाठवायचा, ही सूचना म्हणजे डीमार्क. डोमेन विकणाऱ्याच्या मदत विभागाला ही तीन नावं सांगितली की ते करून देतात. झालं की स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा आणि 'शो ओरिजिनल' उघडून तिन्हींपुढे 'पास' आहे का बघा.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी याबाबत हात आवळले आहेत. जीमेलवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी आणि एका क्लिकवर नाव काढायची सोय सक्तीची आहे. तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावं लागतं, म्हणजे हजार मेलांमागे तीन जणांनी 'स्पॅम' दाबलं तरी तुम्ही अडचणीत. आपण तीस मेलवाले असलो तरी वॉचमन तोच आहे. नव्या डोमेनवरून पहिले दोन आठवडे दिवसाला पाच-सातच्या वर जाऊ नका.

आता मेल

मेलने माल विकायचा नसतो. समोरच्याकडून एक उत्तर मिळवायचं, एवढंच त्याचं काम. म्हणून ब्रोशर जोडू नका, 'आम्ही एक अग्रगण्य कंपनी' लिहू नका, 'डियर सर/मॅडम' तर नकोच.

पर्चेस मॅनेजर तुमचा मेल विरार फास्टमध्ये, एका हाताने कडी धरून, दुसऱ्या हातातल्या फोनवर बघणार आहे. विषयाचे पहिले चार-पाच शब्दच त्याला दिसतात. मुंबईत असला पत्रव्यवहार बहुतेक इंग्रजीत चालतो, मीही इंग्रजीतच लिहितो. समोरचा मराठी असेल तर फोनवर मराठीत बोलतो. इथे मात्र नमुना मराठीत देतो. हा मेल मी मे महिन्यात पाठवला होता:

विषय: पावसाळ्यात खालची खोकी बसतात का?

"नमस्कार. भिवंडीत तुमच्या शेजारच्या गोदामात आमचा माल उतरतो. तुमच्याकडे सिरपच्या खोक्यांची सात थरांची थप्पी पाहिली. जूननंतर पुठ्ठा ओल धरतो आणि तळातली खोकी दबतात. तुम्हालाही हा त्रास असेल, तर पुठ्ठ्याचे थर (प्लाय) न वाढवता, बाहेरचा क्राफ्ट कागद बदलूनही फरक पडतो. आम्ही वसईला खोकी बनवतो. तुमच्या मापाची दोन खोकी नमुना म्हणून पाठवू का? नको असल्यास 'नको' एवढंच लिहा, पुन्हा त्रास देणार नाही."

यात आमच्याबद्दल जेमतेम दोन वाक्यं आहेत, बाकी सगळं त्याच्या थप्पीबद्दल. शेवटी प्रश्न एकच, तोही हो-नाहीत उत्तर देता येईल असा. 'भेटीची वेळ द्या' असं पहिल्याच मेलात मागणं म्हणजे स्थळ बघायला येतानाच हॉलची पावती आणणं.

वेळ आणि पाठपुरावा

मंगळवार ते गुरुवार, सकाळी दहाच्या सुमाराला. मार्चअखेर, गणपतीचे दिवस आणि दिवाळीचा आठवडा सोडा. उत्तर नाही आलं तर चार दिवसांनी त्याच मेलखाली लिहा, पण 'माझा मेल पाहिलात का?' असं नको, काहीतरी नवं द्या. मी दबलेल्या आणि न दबलेल्या खोक्याचा फोटो एकत्र पाठवतो. आणखी दहा दिवसांनी शेवटचा मेल, मग थांबा. किती जणांनी मेल उघडला हे दाखवणाऱ्या आकड्यांवर विसंबू नका. ॲपलने २०२१ मध्ये आपल्या मेल ॲपमध्ये आणलेल्या सोयीमुळे, माणसाने न उघडलेला मेलही उघडलेला दिसू शकतो. उत्तरं मोजा.

उत्तर आल्यावर

सगळ्यात जास्त येणारं उत्तर दोन शब्दांचं असतं: 'रेट पाठवा.' इथे बरेच जण उत्साहात कोटेशन पाठवतात. तो आकडा घेऊन पर्चेसवाला आपल्या जुन्या सप्लायरला खाली पाडतो आणि आपण हात चोळत बसतो. मी तासाभरात उलट तीन गोष्टी विचारतो: माप काय, आत वजन किती, महिन्याला नग किती. आणि लिहितो, 'गुरुवारी भिवंडीत आहे, एक रिकामं खोकं दाखवाल का?' ज्याला खरोखर गरज आहे तो खोकं काढून ठेवतो. 'सध्या नको, नंतर बघू' म्हणणाऱ्याचं नाव मी वहीत पुढच्या एप्रिलच्या पानावर लिहून ठेवतो.