शेवग्याचा पाला वाळवायचा तर सावलीतच
शेवग्याचा पाला बरेच जण गच्चीवर कडक उन्हात पसरतात. लवकर वाळतो खरा, पण पिवळट पडतो आणि त्यातलं बीटा-कॅरोटीन (शरीरात ज्याचं अ जीवनसत्त्व होतं ते), म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप करायचा तेच, बरंचसं उन्हात जातं.

पाला सकाळी दव सुकल्यावर काढा, धुऊन पाणी पूर्ण निथळू द्या. मग पानं काड्यांवरून खुडून, खेळती हवा असलेल्या खोलीत सुती कापडावर एकेरी थरात पसरा. थर जाड झाला की मधली पानं काळी पडतात, कुबट वास धरतात. दिवसातून एक-दोनदा हाताने वरखाली करा. पंखा चालेल, पण लांबून. नाहीतर पानं घरभर!

कोकणात ऐन पावसाळ्यात हा उद्योग नकोच. अगदीच अडलं तर अन्न वाळवायचा ड्रायर वापरा, तो ५० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा.

चुरगाळल्यावर पान कुरकुरत मोडलं की झालं. नुसतं दुमडलं तर अजून एक दिवस. किलोभर ताज्या पानांची जेमतेम पाव किलो उरतात. पूड लागेल तशीच करा, बाकीची पानं घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधाऱ्या कपाटात.